कोऱ्या कापडाची पिशवी

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही भाताची लावणी आली की बंद. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, ते मला अजून नीट कळत नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं माफ करावं. पण चुकलेला शब्द मी कुठंही गिरबटून टाकलेला नाही. त्याच्यावर एकच आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. ही सवय सरांची. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो.

नवरा गेल्यावर वर्षभरानं मी शाहूवाडीकडचं गाव सोडून कोल्हापूरला आले. मुलगी चार वर्षांची होती. ओळखीनं एका कॉलेजात काचेची भांडी धुवायचं काम मिळालं. रोजंदारी, दिवसाला तीन रुपये. पहिल्या दिवशी दस्तगीरमामा मला सरांच्या खोलीत घेऊन गेले. मामा तिथले जुने शिपाई, डोक्याला पांढरी टोपी, तोंडात कायम सुपारी. खोली मागच्या अंगाला होती, सायकलींच्या शेडला लागून. दारात मामांनी स्वतःच्या चपला काढल्या आणि मलाही काढायला लावल्या.

"सर, नवी बाई आलीया. भांडी धुवायला."

आत एक उंच, वाकलेला माणूस टेबलाशी उभा होता. वैशाखाचं ऊन होतं, तरी गळ्यात लोकरीचा मफलर. त्यानं माझ्याकडं न बघता काचेची एक पट्टी पुढं केली.

"बोट ठेव हितं."

मी घाबरत बोट टेकवलं. त्यांनी पट्टीवर तोंडानं वाफ सोडली आणि उजेडात धरली. माझ्या बोटाचा ठसा काचेवर उठला होता.

"हे बघ. हे तुझं तेल. डोस्क्याला लावतीस, त्ये बोटाला येतंय, बोटाचं भांड्याला जातंय. म्हातारीला तेल सोसत न्हाय."

मला वाटलं, आत कुणी आजारी बाई आहे. मी मान हलवली. बाहेर आल्यावर मामा भिंतीला धरून हसले. "अगं ताई, म्हातारी म्हंजे त्ये हिरव्या पाण्याचं भांडं. सरांचं लगीन त्याच्यासंगंच लागलंया."

त्या दिवसापासून मी केसांना तेल लावणं सोडलं. आमच्या चाळीतल्या बायका विचारायच्या, "का गं, रोजच सुतक हाय काय तुझ्यात?" मी काही बोलायची नाही. मला तेव्हाही कुणापुढं तोंड उघडायला जमत नव्हतं, आजही जमत नाही. त्या सवयीनंच पुढं घात केला, ते येईलच.

म्हातारी म्हणजे काचेचं एक चौकोनी भांडं होतं. त्यात निकेलचं मीठ विरघळवलेलं पाणी, पोपटाच्या पंखासारखं हिरवंगार. खाली शेगडी, पाणी कायम कोमट ठेवायचं, हात घातला तर सोसेल पण आवडणार नाही इतकं. पाण्यात एका बाजूला निकेलची जाड पट्टी टांगलेली, कापडाच्या पिशवीत घातलेली. दुसऱ्या बाजूला चिमट्यात धरलेली एक चकती. सर तिला वेफर म्हणायचे. पापडापेक्षा पातळ, करड्या रंगाची, आणि हातातून पडली की बांगडीसारखे तुकडे. दोन्ही बाजूंना विजेच्या तारा. वीज सोडली की पट्टीतलं निकेल पाण्यात उतरायचं आणि हळूहळू चकतीवर जाऊन बसायचं. करड्या चकतीवर पांढुरकी चमक चढायची.

हे कशासाठी, असं मी एकदा मामांना विचारलं. मामांनी सरांना विचारलं. सर खूश झाले. त्यांना कुणी विचारतच नसे. त्यांनी मला खिडकीशी नेलं. "ह्या चकतीवर ऊन पडलं की हिच्यात वीज तयार हुती. पर ती वीज भाईर काढायला वर धातूचा थर लागतोय. लोक चांदी घालत्यात. चांदी कुणाला परवडती? मी म्हणतोय, निकेल घालू. फकस्त एकच अडचन हाय."

"काय?"

"चिकटत न्हाय."

आठ वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. निकेल चकतीवर बसायचं, दिसायला सुंदर दिसायचं, आणि मग सुटून यायचं. ते सुटतं का, हे बघायची त्यांची एक रीत होती. चकती कोरडी झाली की वर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. पट्टीला निकेल लागून आलं तर नापास. ओढताना सर डोळे मिटून घ्यायचे. घट्ट, लहान पोर सुई टोचताना मिटतं तसे. आणि म्हणायचे, "मामा, बघा."

मामा वाकून बघायचे. "आलं, सर." नाहीतर, "थोडं आलं, सर, कडंला." मग सर डोळे उघडायचे आणि वहीत लिहायचे. मी आल्यापासून दुसऱ्या वर्षी एकदा मामा म्हणाले, "न्हाय आलं." सरांनी डोळे उघडलेच नाहीत. "परत बघा," म्हणाले. मामांनी परत बघितलं. "न्हाय की हो आलं!" सर तसेच डोळे मिटून स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजलं.

त्या कट्ट्यावर सर सगळ्यांना माहीत होते. संध्याकाळी तिथं म्हशी येतात आणि समोर धार काढून पेला हातात देतात. सर तो पेला घेऊन आधी खिशातला थर्मामीटर काढून दुधात बुडवायचे. गवळी ओरडायचा, "सर, म्हशीला ताप न्हाय, पिवा की!" सर आकडा बघूनच प्यायचे. म्हणायचे, "म्हशीचं बरं हाय. न सांगता अचूक ऊन देती. मला दिसभर शेगडी फिरवायला लागती."

घरी त्यांचं कुणी नव्हतं. गारगोटीला एक थोरली बहीण होती, तिला ते आक्का म्हणायचे. शनिवारी एसटीनं तिकडं जायचे आणि सोमवारी भाकरी, झुणका घेऊन यायचे. तो डबा खोलीबाहेर पायरीवर बसून खायचे, पावसातसुद्धा. खोलीत खाल्लं तर म्हातारीला वास लागतो म्हणायचे. आणि जेवून झालं की हात इतके धुवायचे, इतके धुवायचे की मामा नळ बंद करायचे.

म्हातारीची एक वही होती, जाड हिरव्या पुठ्ठ्याची. पाणी किती ऊन, किती आटलं, कुणी काय केलं, रोजचं रोज त्यात लिहायचं. एक दिवस सर मला म्हणाले, "तू पानी घातलंस न्हवं? मग तूच लिव्ह."

"मला न्हाय येत, सर."

"चौथी शिकलीस की. म्हातारीला तेवढं बास."

मी लिहिलं, 'पाणी घातले.' 'पाणी' चुकलं असं वाटून बोटाला थुंकी लावून पुसायला गेले, तर कागदच फाटला. सर माझ्यावर ओरडले ते तेवढंच एकदा. "खोडायचं न्हाय! कधीच न्हाय! चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, आडवी, बारीक. खालचं वाचता आलं पायजे. आज झाकलीस तर उद्या तिलाच हुडकत बसशील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हातारी कुणाला रागावत न्हाय, पोरी. पर तिला खोटं चालत न्हाय."

तेव्हापासून वहीत माझ्या ओळी पडू लागल्या. शाळा सुटल्यावर हातात पेन धरायचं कारणच उरलं नव्हतं. 'पट्टी धुतली.' 'पाणी अर्धा पेला घातले.' 'पिशवी बदलली.' सर खाली त्यांची सही करायचे, माझ्या ओळीलासुद्धा. मला ते फार मोठं वाटायचं.

पिशवीचं सांगायचं राहिलं. निकेलची पट्टी विरघळताना तिचा काळा गाळ सुटतो. तो पाण्यात गेला तर चकतीवर खरखर येते. म्हणून पट्टीला सुती कापडाची घट्ट पिशवी घालायची. ती शिवायचं काम माझ्याकडं होतं. माझी टीप बारीक आणि सरळ येते, आईनं शिकवलेली. सरांचा नियम होता, कापड आधी तीन वेळा स्वच्छ पाण्यात उकळायचं, दर वेळी पाणी बदलायचं, वाळवायचं, आणि मगच कापून शिवायचं.

मी आल्यापासून चौथ्या वर्षी बेंगलोरहून एका सरकारी कचेरीचं पत्र आलं. सरांचं काम त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी बारा चकत्या पाठवल्या. त्यांच्यावर निकेल चढवून ठेवा, आमची माणसं येऊन समोर पट्टी ओढून बघतील. चिकटलं तर तीन वर्षं पैसा देऊ. चकत्या परदेशातून आणलेल्या, महागाच्या. सरांनी त्या सही करून ताब्यात घेतल्या.

आमच्या विभागाच्या साहेबांना ती खोली भूगोलाचे नकाशे ठेवायला हवी होती. ते सरांना तोंडावर म्हणाले, "बेंगलोरवाले हो म्हणाले तर खोली तुमची. नाहीतर उन्हाळ्यात रिकामी करा." खोली गेली तर माझं काम जाईल, असं मला मामा म्हणाले. म्हणजे आमचं तिघांचंही त्या बारा चकत्यांवर टांगलेलं होतं.

माणसं यायच्या आधी तीन दिवस पिशवी शिवणीत उसवली. खोलीतलं उकळलेलं कापड संपलं होतं. माझा भाऊ कबनूरला मागावर आहे. त्यानं त्याच आठवड्यात मला कोरं मांजरपाट आणून दिलं होतं, नुकतंच मागावरून उतरलेलं, कडक, पांढरंशुभ्र. मुलीला परकर शिवायचा होता. मी म्हटलं, परकर राहू दे, हे सरांच्या कामाला. घरी बसून मी पट्टीच्या मापानं पिशवी शिवली. सूत इकडचं तिकडं नाही. इतकी चांगली पिशवी मी कधीच शिवली नव्हती. शेवटची गाठ मारली आणि लक्षात आलं की कापड उकळायचं राहिलं.

आता उकळली असती तर आटली असती. पट्टीला बसली नसती, टीपेला चुण्या पडल्या असत्या. दुसरं कापड उकळून, वाळवून, शिवायला एक दिवस गेला असता, आणि सरांना सकाळीच पहिली चकती सोडायची होती. मी पिशवी हातात धरून बघत राहिले. कोरं कापड. आमच्याकडं देवाला कोरंच नेसवतात, धुतलेलं चालत नाही. कोऱ्याहून स्वच्छ काय असतं? उकळून काय निघणार त्यातून? असं मी मनाला सांगितलं.

सकाळी सरांनी पिशवी उलटसुलट करून बघितली. "झकास! माप कसं घेतलंस?" मग विचारलं, "उकळलीस न्हवं?"

मामा बघत होते. विभागाचे साहेब दारात उभे होते, चकत्या बघायला आलेले. मी मान हलवली.

"मग लिव्ह वहीत."

मी लिहिलं. 'नवी पिशवी शिवली. कापड तीन वेळा उकळले.' खाली सरांनी सही केली.

पहिली चकती बाहेर काढली तेव्हा सर बघतच राहिले. अशी चमक कधी आली नव्हती. आरशासारखी. त्यात त्यांचा मफलर दिसत होता. "मामा," म्हणाले, "म्हातारी आज नटलीया." दोन दिवसांत बाराही चकत्या झाल्या, सगळ्या तशाच. सर येता-जाता डबी उघडून बघायचे. मामा म्हणाले, एक ओढून बघूया का पट्टीनं. सर म्हणाले, "न्हाय. बाराच्या बारा त्यांच्यापुढं. त्यांनी मोजून दिल्यात." मला इतकं हलकं वाटलं. मी मनात म्हटलं, बघा, कोऱ्या कापडानं काही बिघडलं नाही, उलट सुधारलं.

बेंगलोरची दोन माणसं आली. साहेब आले. मी दाराआड उभी राहिले. सरांनी पहिली चकती ठेवली, वर पट्टी दाबली, अंगठ्याच्या नखानं घासून बसवली, डोळे मिटले आणि ओढली.

"मामा, बघा."

मामा वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"मामा?"

"सर," मामा अगदी हळू म्हणाले, "डोळं उघडू नगा."

उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा सगळा थर अखंड पट्टीला लागून आला होता. खाली चकती करडी, जशी आली होती तशी. सरांनी दुसरी घेतली. तिसरी. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, राहू द्या आता. पण सर थांबेनात. बारावीपर्यंत ओढत राहिले. दर वेळी डोळे मिटून. शेवटी शेवटी मामांना विचारतही नव्हते. ओढायचे आणि थांबायचे, आम्ही काही बोलतो का ते ऐकत.

मी तेव्हा पुढं होऊन बोलायला हवं होतं. मी दाराआडच राहिले.

पाहुणे गेल्यावर आठ दिवस सर कारण शोधत होते. मीठ तपासलं. वीज तपासली. शेगडी बदलली. चकती धुण्यात चुकलं का, म्हणून स्वतःचेच हात काचेवर दाबून बघायचे, पुन्हा पुन्हा. मामांना म्हणाले, "माझ्या हाताला तेल असंल, मामा. म्हातारपणी सुटतंय." ते ऐकून मी नळाशी गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी पिशवी काढली. वाळवली. औषधांच्या पेटीतून जखमेवर लावायचं आयोडिन आणलं आणि तपकिरी औषधाचा एक थेंब पिशवीवर टाकला. थेंब पसरला आणि जांभळा-काळा झाला, शाई सांडावी तसा.

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"कबनूरचं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"खळ." इतकंच म्हणाले. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात. माझा भाऊ रोज त्या खळीत हात घालतो. कोऱ्या कापडाचा कडकपणा तोच असतो. मला ते लहानपणापासून माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. ती खळ गरम पाण्यात उतरली होती. तिनंच चकतीला ती चमक आणली आणि तिनंच चिकटू दिलं नाही.

सरांनी हिरवी वही उघडली. माझी ओळ काढली. पेन उघडून माझ्यापुढं ठेवलं.

"ही वळ तुझी हाय. मी हात लावनार न्हाय. तू रेघ मार."

मी पेन उचललं. हात चालला नाही. वही साहेब बघतात हे मला माहीत होतं. रेघ मारली की विचारतील, आणि रोजंदारीच्या बाईला घालवायला कारण लागत नाही. मुलगी त्या वर्षी पहिलीतनं दुसरीत गेली होती. मी रडायला लागले. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू दे. घाई न्हाय."

साहेबांना त्यांनी सांगितलं, "पिशवी तपासायची माझी राहिली." खरंच होतं ते, पण सगळं खरं नव्हतं. मामांनी मला नंतर सांगितलं की चकत्यांची किंमत सरांच्या पगारातून कापायचं ठरलं. चाळीसची एक, बारा चकत्यांचे चारशे ऐंशी रुपये.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी पाच रुपये मुठीत घेऊन पायरीशी गेले. सर डबा खात होते. मला वाटलं, परत देतील, रागावतील. त्यांनी घेतले. नोट नीट घडी करून खिशात ठेवली, आत गेले आणि गाळायच्या गोल कागदावर लिहून आणलं, 'रुपये पाच पोचले. बाकी चारशे पंच्याहत्तर.' खाली सही.

"फुकटची माफी अंगी लागत न्हाय, पोरी," म्हणाले. मग विचारलं, "वही आणू?"

मी मान हलवली, नको म्हणून.

त्यानंतर दर महिन्याला तेच. पाच रुपये, गोल कागद, आणि "वही आणू?" मी दर वेळी नको म्हणायची. पहिलं वर्ष कामाच्या भीतीनं. नंतर भीती गेली, साहेब बदलून गेले, मला रसायनाच्या खोलीत कायम केलं. तरी माझ्यानं होईना. लाज एकदा वाळली की दगड होते. सरांनी कधी आवाज चढवला नाही की विचारायचं सोडलं नाही.

बेंगलोरवाल्यांनी पुन्हा चकत्या पाठवल्या नाहीत, आणि खोली उन्हाळ्यात गेलीच. शेगडी बंद केल्यावर म्हातारी कोपऱ्यात आटत गेली. तळाशी हिरवे खडे जमले, खडीसाखरेसारखे, नखाएवढे मोठे. मामा म्हणाले, फेकून देऊ का. सर म्हणाले, "तिला निवांत वाळू दे." मग भिंतीवर नकाशे लागले, आणि मला रसायनाच्या खोलीत रोजंदारीवर घेतलं. सरांना पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास दिले. ते पोरांचीही बोटं काचेवर टेकवून घ्यायचे. पोरं हसायची.

चार वर्षांनी ते निवृत्त होऊन गारगोटीला गेले. दर महिन्याला पेन्शनला कोल्हापूरला यायचे आणि मला दूधकट्ट्यावर भेटायचे. थर्मामीटर आता नव्हता. पेला ओठाला लावून नुसतं म्हणायचे, "बरोबर हाय." गाळायचे कागद मात्र त्यांनी गड्डीच्या गड्डी नेले असावेत, पावती त्यावरच द्यायचे. "वही आक्काच्या घरी हाय," म्हणायचे. "पुढच्या खेपंला आणू?" मी नको म्हणायची.

शेवटच्या पावतीवर लिहिलं होतं, 'बाकी पंचेचाळीस.' पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मग मामा रसायनाच्या खोलीत आले, टोपी हातात धरून. सर अंगणात बसल्या जागी गेले होते, म्हणाले, दीड महिना झाला.

मी लगेच गेले नाही. परक्याच्या घरी जाऊन मी कोण म्हणून सांगू? पाच महिने पंचेचाळीस रुपये डब्यात ठेवून बसले. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, मी येते संगं." मी म्हटलं, नको, मलाच जायला पाहिजे.

गारगोटीला बाजाराच्या मागं घर होतं. दारात एक वाकलेली म्हातारी तांदूळ पाखडत होती. तोंडवळा सरांचाच.

"पावणं कुठलं म्हणायचं?" तिनं डोळे बारीक करून विचारलं.

मी सांगितलं, कॉलेजात भांडी धुवायची ती.

"पाच रुपयंवाली व्हय?" आक्का म्हणाली. "ये की, बस."

आत फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी, एक अर्धी चकती भिंतीला टेकवून ठेवली होती. मी ओळखली. मामा 'न्हाय आलं' म्हणाले होते ती. आक्का म्हणाली, "त्यो माझा आरसा. त्यानंच आणून दिलता. रोज कुंकू लावताना त्यातच बघायची मी. मालक गेल्यापास्नं नुसतंच तोंड बघती. आता दिसतबी न्हाय काय." मी विचारून ती हातात घेतली. चुलीच्या धुरानं कड पिवळी पडली होती. मी नखानं घासून बघितलं. जोरानं घासलं. निकेल सुटलं नाही. इतक्या वर्षांच्या धुरात, वाफेत, ओल्या हातांत, जरासुद्धा सुटलं नव्हतं.

सरांचं बरोबर होतं. फक्त पिशवी चुकली होती.

मग मी आक्काला सगळं सांगितलं. उकळली नाही हे, आणि उकळली म्हणून लिहिलं हे. आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. ती पाखडायची थांबली होती.

"मला त्यो म्हनायचा, पिशवी बघायची माझी राहिली," आक्का म्हणाली. "तुझं नाव कधी काडलं न्हाय." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लई वरसं घालवलीस, बाई." त्यात राग नव्हता, पण समजूतही घातली नाही. मला ते बरं वाटलं.

वह्या ट्रंकेत होत्या. हिरवी वही वरच होती. पान शोधायला लागलं नाही, त्यात गाळायचा एक गोल कागद खूण म्हणून घातलेला होता. माझी ओळ तशीच होती, खाली त्यांची सही. मी पेन बरोबर नेलं होतं. 'कापड तीन वेळा उकळले' याच्यावर एक बारीक आडवी रेघ मारली. रेघ जराशी वाकडी गेली, पण खालचं वाचता येतं. पुढं लिहिलं, 'उकळले नाही. खोटे लिहिले होते.' आणि माझी सही केली.

मग मी पंचेचाळीस रुपये काढून आक्काच्या पुढं ठेवले. ती घेणार नाही असं मला वाटलं होतं.

"त्यानं घेतलं, तर मीबी घेनार," ती म्हणाली. नोटा एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या आणि कनवटीला लावल्या. "पावती पायजे न्हवं? मला लिव्हाया येत न्हाय. तूच लिव्ह, मी अंगठा देती."

खुणेचा तो गोल कागद मी घेतला आणि त्यावर लिहिलं, 'रुपये पंचेचाळीस पोचले. चारशे ऐंशी पुरे झाले.' आक्कानं चुलीतली काजळी अंगठ्याला लावली, जपून टेकवला, आणि तिच्या बोटाचा ठसा कागदावर उठला.